हम्बोल्टचा हिरवा शर्ट

गेल्या अंकात भुसावळच्या एका वाचकांचं छोटं पत्र छापून 'उत्तर पुढच्या वेळी' असं लिहिलं होतं. मधल्या काळात त्याच विषयावर सावदा, चोपडा, शहादा आणि साक्री इथूनही पत्रं आली. म्हणून या वेळी कबड्डी-खोखोचे नियम बाजूला ठेवले आहेत आणि सगळं सदर कॅनडातल्या, बर्फावरची हॉकी खेळणाऱ्या हम्बोल्ट ब्रॉन्कोज या एकाच टीमला दिलं आहे.

"माझा नातू कॅनडात सॅस्काटूनला राहतो, सातवीत आहे. एप्रिलमध्ये त्याने व्हिडिओ कॉलवर हिरवा शर्ट दाखवला. त्या दिवशी म्हणे सगळी शाळा हिरवे शर्ट घालून आली होती. शेजारच्या घराच्या दाराशी हॉकीची काठी उभी करून ठेवलेली दिसली. विचारलं तर 'आजोबा, ते हम्बोल्ट ब्रॉन्कोज' एवढंच बोलला. मी रेल्वेत ३६ वर्षं काढली, तरुणपणी हॉकीही खेळलो. पण ही कोणती टीम आणि दाराशी काठी कशासाठी?"
– सेवानिवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

नाना, काठीकडे आणि शर्टाकडे येतोच, पण आधी गाव सांगतो. तुमच्या नातवाच्या सॅस्काटूनहून पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर हम्बोल्ट आहे. वस्ती जेमतेम सहा हजार. ते ज्या सॅस्कॅचेवान प्रांतात आहे तो क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा, पण २०२१ च्या जनगणनेत माणसं अकरा-साडेअकरा लाखच. आपल्या एकट्या जळगाव जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत बेचाळीस लाख भरली होती. सगळा सपाट, शेतीचा मुलूख. गहू, कॅनोला आणि मसूर. आपल्या किराणा दुकानात बाहेरून येणारी मसूर बरीचशी तिथलीच असते. हिवाळ्यात पारा शून्याखाली तीसपर्यंत उतरतो. बैठकीत पंख्याखाली ४५ अंश सोसणाऱ्या भुसावळकराला हे सांगून कळायचं नाही, पण तुमचा नातू सांगेल. अशा थंडीत शेतातली कामं बंद असतात आणि संध्याकाळी गाव जमतं ते रिंकवर, म्हणजे बर्फाच्या बंदिस्त मैदानावर. हम्बोल्टच्या रिंकला एल्गर पीटरसन यांचं नाव आहे. गावातल्या खेळासाठी आयुष्यभर राबलेला माणूस. त्या रिंकला एखाद्या मंत्र्याचं किंवा कंपनीचं नाव नाही, हे मला फार आवडलं.

या रिंकवर १९७० पासून खेळते ती टीम म्हणजे हम्बोल्ट ब्रॉन्कोज. ब्रॉन्को म्हणजे पाठीवर कोणाला टिकू न देणारा, उधळणारा घोडा. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मालक दोन्ही हातांनी लगाम धरून ज्याला फिरवतो, तसला. टीमचे रंग हिरवा आणि पिवळा.

ही ज्युनियर हॉकीची टीम. ज्युनियर म्हणजे साधारण १६ ते २० वर्षांची मुलं. त्यात मेजर ज्युनियर ही वरची पायरी आणि तिच्याखाली ज्युनियर ए. ब्रॉन्कोज ज्युनियर ए मध्ये खेळतात. या पायरीवर मुलांना पगार नसतो. बहुतेकांचं स्वप्न अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या कॉलेजात खेळाच्या जोरावर शिकायला जाण्याचं असतं. एखाददुसरा पुढे मोठा व्यावसायिक खेळाडू होतो. बाकीचे शिक्षक होतात, वायरमन होतात, बापाची शेती बघतात. टीम कोणा एका शेठच्या मालकीची नाही, गावाची आहे. तिकीट फाडणारा, कॉफी विकणारी, सामन्याचे आकडे टिपणारा असे सगळे गावातलेच. आपल्याकडे गणेशोत्सव मंडळ जसं चालतं तसं ते चालतं, फरक इतकाच की ते वर्षाचे सात-आठ महिने चालतं.

या गावाने आपल्या प्रांताची लीग दहा वेळा जिंकली. २००३ आणि २००८ मध्ये तर संपूर्ण कॅनडाची ज्युनियर ए स्पर्धा जिंकली. दोन्ही वेळा अंतिम सामन्यात समोर अल्बर्टा प्रांताची कॅमरोज कोडियाक्स ही टीम होती, आणि २००८ चा सामना १-० असा सुटला. तीन पिरियड, साठ मिनिटं आणि गोल एकच. त्या रात्री हम्बोल्टमध्ये कोणी झोपलं असेल असं मला वाटत नाही.

आता ६ एप्रिल २०१८. शुक्रवार. उपांत्य फेरीतला पाचवा सामना निपाविन हॉक्सशी, निपाविनच्या रिंकवर. हम्बोल्टहून निपाविन म्हणजे साधारण नंदुरबारहून जळगावला यावं तेवढा रस्ता. बसमध्ये २९ जण होते. खेळाडू, प्रशिक्षक, फिजिओ मुलगी, रेडिओवर समालोचन करणारा, आकडेवारी टिपणारा अठरा वर्षांचा पोरगा आणि चालक. बाद फेरी सुरू झाली म्हणून सगळ्या टीमने केस पिवळेधमक रंगवून घेतले होते. संध्याकाळी पाचच्या सुमारास आर्मलीजवळ महामार्ग ३५ आणि ३३५ यांच्या चौफुलीवर आडव्या रस्त्याने आलेला मोठा ट्रक न थांबता चौकात शिरला. बसला थांबायला जागाच उरली नाही. त्यात १६ जण गेले, पैकी दहा खेळाडू. १३ जखमी झाले. बसमधला एकही माणूस धड सुटला नाही.

नाना, मी पुष्कळ वाचलं, पण एका गोष्टीपाशी पुस्तक मिटवून उठलो. सगळ्यांचे केस पिवळे, सगळे एका बांध्याचे, चेहरे सुजलेले. त्यामुळे ओळख पटवताना चूक झाली. एका घरी मुलगा गेल्याचं सांगितलं, तो दवाखान्यात जिवंत होता. दुसरं कुटुंब आपला समजून ज्याच्या उशाशी बसलं, तो त्यांचा नव्हता. त्यांचा गेला होता. चूक दोन-तीन दिवसांनी उघड झाली. टीम एक दिसावी म्हणून पोरं जे हौसेने करतात, तेच असं उलटावं.

काठीचं असं झालं. बातमी पसरल्यावर कोणीतरी सुचवलं की आज रात्री दाराबाहेर हॉकीची काठी ठेवा, पोरांना कुठे लागली तर असू दे. बघता बघता कॅनडाभर लोकांनी पायरीवर, ओसरीवर काठ्या ठेवल्या, बाहेरचा दिवाही रात्रभर चालू ठेवला. आपण दाराशी पणती ठेवतो, तीच भावना. मदतीसाठी लोकांनी दीड कोटी डॉलरच्या वर रक्कम जमवली. आणि त्याच वर्षी १२ सप्टेंबरला ब्रॉन्कोज पुन्हा आपल्या रिंकवर उतरले, समोर परत निपाविन. अपघातातून उठलेले दोघे जण नव्या टीममध्ये होते. सामना २-१ ने हरले. पण गाव सामन्याला आलं, टीम बंद पडली नाही, आज चालू आहे.

आणि शर्ट. लोगन बुले हा एकवीस वर्षांचा बचावपटू त्या बसमध्ये होता. त्याला व्यायाम शिकवणाऱ्या प्रशिक्षकाचं आदल्या वर्षी निधन झालं होतं आणि त्यांच्या अवयवांनी सहा जणांना आधार मिळाला होता. ते बघून लोगनने वडिलांना सांगितलं होतं की मीही देणार. एकविसाव्या वाढदिवसाला, अपघाताच्या काही आठवडे आधी, त्याने अर्ज भरला. त्याचेही अवयव सहा जणांना मिळाले. त्यानंतरच्या आठवड्यांत कॅनडात सुमारे दीड लाख लोकांनी अवयवदानाची नोंद केली. त्याच्या आठवणीत दर ७ एप्रिलला हिरवा शर्ट घालतात. नातवाला सांगा, शर्टाचं नाव आजोबांना कळलं. तुम्हाला स्वतःला अशी इच्छा असेल तर कागद भरण्याइतकंच घरात बोलून ठेवणं गरजेचं आहे, कारण आपल्याकडे त्या वेळी घरच्यांना विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत.

"मी केळीची गाडी दिल्लीला नेतो. तुमच्या अंकातलं पत्र ढाब्यावर वाचलं आणि मोबाईलवर शोधलं. तो ट्रकवाला मूळचा आपल्या पंजाबचा पोरगा निघाला. त्याला आठ वर्षं दिली. दर वेळी ड्रायव्हरच का सापडतो? गाडी मालकाची, माल व्यापाऱ्याचा, घाई सगळ्यांची."
– ट्रकचालक, सावदा

दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि उत्तरही तुम्हाला खरंच देतो.

तो तिशी गाठायच्या आतला तरुण. नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता. मालकाबरोबर साधारण दोन आठवडे फिरवून त्याच्या हाती एकट्याच्या भरवशावर दोन ट्रेलर जोडलेला ट्रक दिला. माल होता पीट मॉस. आपल्याकडे केळीच्या टिश्यू कल्चर रोपांना कोकोपीट वापरतात, तसलाच नर्सरीचा माल, गाठोडी बांधलेली. मागची ताडपत्री सुटून फडफडत होती, त्याचं लक्ष आरशात त्या ताडपत्रीकडे. चौफुलीच्या आधी सूचनेच्या पाट्या होत्या, चौकात मोठी थांबण्याची पाटी होती आणि तिच्यावर लुकलुकणारा दिवाही होता. त्याने एकही पाहिली नाही. दारू नव्हती, मोबाईल नव्हता. त्याच्या नोंदवहीतही कितीतरी नियम मोडलेले सापडले, म्हणजे अपघाताआधीच तो रस्त्यावर असायला नको होता.

त्याने खटला लढवला नाही. २९ च्या २९ आरोप मान्य केले आणि त्या घरांना आणखी त्रास नको असं म्हणाला. मार्च २०१९ मध्ये आठ वर्षांची शिक्षा झाली. मे २०२४ मध्ये देशातून परत पाठवण्याचाही आदेश निघाला. मेलेल्यांच्या घरच्यांपैकी काहींनी त्याला कोर्टातच माफ केलं, काहींनी सांगितलं की आम्हाला ते जमणार नाही. दोघांचंही मला पटतं. मालकाला पाच हजार डॉलर दंड झाला. इथे मात्र तुमच्यासारखाच मीही अस्वस्थ होतो. दोन आठवड्यांत गाडी हाती देणाऱ्याला पाच हजार डॉलर, हे मोजमाप मला मान्य नाही.

तरी एक सांगतो. तिथे लोक नुसते हळहळून थांबले नाहीत. सॅस्कॅचेवानमध्ये मार्च २०१९ पासून मोठ्या ट्रकचा परवाना हवा असेल तर आधी १२१.५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. त्याआधी तसं बंधन नव्हतं. ही मागणी लावून धरण्यात ज्यांची पोरं गेली ते आई-बाप पुढे होते. १ सप्टेंबर २०२० नंतर कॅनडात बनलेल्या मोठ्या प्रवासी बसला सीट बेल्ट सक्तीचे झाले. त्या चौफुलीवर १९९७ मध्ये एकाच घरातली सहा माणसं गेली होती, त्यांचे पांढरे क्रूस तिथे उभेच होते. नजरेआड करणारी झाडं तोडायला आणि रस्त्यावर खडखडाट करणाऱ्या पट्ट्या टाकायला आणखी सोळा जावे लागले. आपल्या सुरत-नागपूर रस्त्यावर असे किती फाटे आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तुमच्या पत्रात पुढे दिलेली अशा फाट्यांची यादी, एरंडोल ते नवापूरपर्यंतची, मी ठेवून घेतली आहे. पुढच्या अंकात नकाशासकट छापावी असं संपादकांना सांगितलं आहे.

आणि दादा, ताडपत्री सुटली तर गाडी कडेला घ्या. दिल्लीला केळी दोन तास उशिरा पोहोचल्या तर पिकतील थोड्या जास्त.

"बर्फावरची हॉकी चेंडूने खेळतात का? ती आपल्याला खेळता येईल का? मी आठवीत आहे आणि मला स्केटिंग येतं."
– एक विद्यार्थी, चोपडा

बाळ, चेंडू नाही. काळ्या कडक रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. साडेसात सेंटीमीटर रुंद, अडीच सेंटीमीटर जाड, वजन १७० ग्रॅमच्या आसपास. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, म्हणजे बर्फावर उसळत नाही, सरळ सरकते. एका बाजूने सहा जण खेळतात, त्यात एक गोलरक्षक. खेळ इतका दमवणारा की पाऊण-एक मिनिटात खेळाडू बाहेर येतो आणि दुसरा कठड्यावरून उडी मारून आत जातो, खेळ न थांबवता. कबड्डीत दम धरतोस ना, तसंच समज, फक्त पायात पाती.

आपल्याकडे हा खेळ लडाखमध्ये रुजला आहे. लेहमध्ये हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर आणि रिंकवर गावागावांच्या टीम खेळतात. लडाखच्याच बहुतेक मुली असलेल्या भारतीय महिला संघाने २०२५ मध्ये आशिया चषकात कांस्यपदक आणलं. चोपड्यात बर्फ मिळायचा नाही, पण चाकाच्या स्केटवरची रोलर हॉकी शिकता येईल. स्केटिंग येतंच तर अर्धं काम झालं. हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड घेतल्याशिवाय सुरुवात करू नकोस, घरी हे उत्तर दाखव.

"माझ्या तेरा वर्षांच्या मुलीची बाहेरगावच्या क्रीडा वसतिगृहात निवड झाली आहे. सगळे अभिनंदन करतात आणि मला रात्री झोप लागत नाही. त्या कॅनडातल्या आया पोरांना कशा पाठवतात?"
– एक आई, शहादा

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

तिथे ज्युनियर टीममधली बरीच मुलं घरापासून शेकडो किलोमीटरवर राहतात, पण वसतिगृहात नाही. टीमच्या गावातली कुटुंबं त्यांना आपल्या घरात ठेवून घेतात. थोडी रक्कम किराण्यासाठी मिळते, पण पैशासाठी कोणी ते करत नाही. मुलगा त्यांच्या टेबलावर जेवतो, त्यांच्या पोरांचा अभ्यास घेतो, रात्री उशीर झाला तर त्यांचं ऐकून घेतो. हम्बोल्टच्या अपघातात काही घरांनी असे पाहुणे म्हणून आलेले मुलगे गमावले. जन्मदाती आई एका गावी आणि ताट वाढणारी दुसऱ्या गावी, दोघींचंही गेलं.

आता दुसरी बाजू सांगितली नाही तर तुमच्याशी खोटेपणा होईल. त्याच प्रांतात स्विफ्ट करंट ब्रॉन्कोज नावाची मेजर ज्युनियर टीम आहे. ३० डिसेंबर १९८६ ला त्यांचीही बस बर्फाळ रस्त्यावर घसरून उलटली आणि चार खेळाडू गेले. त्या चौघांच्या शर्टांवरचे आकडे, ८, ९, ११ आणि २२, टीमने चार पाकळ्यांच्या पानासारख्या बिल्ल्यावर घेऊन शर्टावर लावले. पुढे १९८९ मध्ये याच टीमने मेजर ज्युनियरचा सर्वात मोठा चषक, मेमोरियल कप, जिंकला, अंतिम सामना जादा वेळेत ४-३ असा. देशाने त्यांच्या जिद्दीचं कौतुक केलं. पण त्या टीममधला शेल्डन केनेडी १९९६ मध्ये पुढे आला आणि त्याने सांगितलं की ज्या प्रशिक्षकाला सगळे डोक्यावर घेत होते, तो वर्षानुवर्षं आपलं लैंगिक शोषण करत होता. १९९७ मध्ये प्रशिक्षकाने गुन्हा कबूल केला, त्याला साडेतीन वर्षं झाली. वाचलेल्या खेळाडूंनी नंतर हेही सांगितलं की अपघातानंतर समुपदेशकांना त्याने मुलांजवळ येऊ दिलं नव्हतं. तेव्हा लोकांना वाटलं की टीम खंबीर आहे, स्वतःच सावरते आहे.

ताई, घाबरवायला हे लिहिलं नाही. केनेडी गप्प बसला नाही. १९९८ मध्ये तो स्केटवरून अख्खा कॅनडा पार करत गेला, गावोगावी हे बोलत. आणि २०१८ मध्ये १९८६ च्या बसमधले काही जण, आता पन्नाशीला आलेले, हम्बोल्टला जाऊन त्या जखमी पोरांच्या खाटांजवळ बसले. दुसऱ्या कोणाला जे सांगता येणार नाही ते सांगायला.

मुलीला पाठवा. पण आधी स्वतः जाऊन या. राहण्याची खोली, न्हाणीघराच्या आतली कडी, रात्री तिथे बाई कोण असते, हे डोळ्यांनी बघा. प्रशिक्षकांनी एकट्या मुलीला खोलीवर बोलावणं, एकट्या मुलीला गाडीवर नेणं चालणार नाही असं तोंडावर सांगा. चांगला प्रशिक्षक याने दुखावत नाही, मी स्वतः चौतीस वर्षं या कामात होतो. मुलीला १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर पाठ करून द्या. आणि दर आठवड्याला फोन कराल तेव्हा 'सामना जिंकलीस का' हा पहिला प्रश्न नको. 'जेवलीस का, कोणाशी गप्पा मारल्यास' इथून सुरुवात करा. पोरं अशा वेळी बोलतात, मी अनुभवलं आहे.

"नुकताच क्रीडाशिक्षक म्हणून लागलो आहे. पुढच्या महिन्यात मुलांना घेऊन विभागीय स्पर्धेला जायचं आहे. गाडीसाठी शाळेकडून पैसे कमी मिळतात. एकाच गाडीत सगळे बसवून रात्री परत यावं असं सगळे म्हणतात. तुम्ही काय करत होतात?"
– क्रीडाशिक्षक, साक्री

सर, मी काय करत होतो ते आजवर या सदरात लिहिलं नाही. आज लिहितो.

१९९४ चा डिसेंबर. नवापूरला कबड्डीची निमंत्रित स्पर्धा होती. आमची पोरं उपांत्य फेरीत हरली, पण खेळली फार सुंदर. मुक्काम केला असता तर जेवणाचा खर्च वाढला असता म्हणून रात्री निघालो. एक ट्रॅक्स, काळी-पिवळी. आत चौदा मुलं, मी आणि एक सहकारी. दोन मुलं तर मागे सामानावर बसली होती. चालक सकाळपासून आमच्यासोबत होता आणि आदल्या रात्री लग्नाचं वऱ्हाड सोडून आला होता. मला हे माहीत होतं. माझ्यासमोरच तो विसरवाडीला दोनदा चहा प्यायला.

कोंडाईबारीचा घाट ओलांडला. सगळी पोरं एकमेकांच्या खांद्यावर झोपली होती. मीही. साक्रीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती, मागे रेडियम नाही, कंदील नाही. धडक डाव्या अंगाला बसली. मला आठवतो तो आधी काचेचा आवाज आणि मग ऊस. उसाचा ओला, गोड वास सगळ्या गाडीत. चालक स्टेअरिंगवर डोकं ठेवून म्हणत होता, "सर, माले डुलकी लागी गयी... डुलकी लागी गयी."

कोणी दगावलं नाही. आमच्या चढाईपटूचा डावा पाय मांडीत मोडला. जिल्ह्यात त्याच्या तोडीचा पोरगा नव्हता. बोनसला पाय टाकायचा तो हाच. दोन ऑपरेशनं झाली, पाय आखूड राहिला, कबड्डी सुटली. त्याचे वडील दवाखान्यात मला म्हणाले, "सर, तुम्ही होतात म्हणून बाकीचे वाचले." त्या माउलीला कसं सांगणार होतो की मी झोपलो होतो. पुढे सांगितलं, सहा वर्षांनी.

त्यानंतर मी जे करत आलो ते लिहितो. बाहेरगावी रात्रीचा परतीचा प्रवास कधीच केला नाही. मुक्काम शाळेच्या वर्गात, चटईवर, पण मुक्कामच. मुलं जितकी तितक्याच सीट. पैसे कमी पडले तर पालकांच्या दारात गेलो. कोणी ज्वारी दिली, कोणी शंभर रुपये, एका भाऊंनी त्यांचा टेम्पो देऊ केला तो मी नम्रपणे नाकारला, कारण टेम्पोत पोरं माल म्हणून बसतात. निघण्याआधी चालकाला पहिला प्रश्न, काल रात्री किती झोपलात. उत्तर देताना नजर चुकवली तर दुसरा चालक. आणि गाडीत एक मोठा माणूस पुढच्या सीटवर जागा, मुक्कामाला पोहोचेपर्यंत चालकाशी बोलत. तो माणूस मीच असायचो. मुख्याध्यापक रागावले तर हे उत्तर त्यांना वाचून दाखवा, माझं नाव सांगा.

तो चढाईपटू आता पंचेचाळीशीचा आहे. पारोळ्याच्या रस्त्याला त्याचं गॅरेज आहे. आमच्या शाळेची टीम बाहेर निघायची असली की गाडी आदल्या दिवशी संध्याकाळी त्याच्याकडे जाते. टायर, ब्रेक, मागचे दिवे तो स्वतः बघतो. खाली वाकताना आखूड पाय बाजूला लांब ठेवावा लागतो. पैसे घेत नाही. गेल्या डिसेंबरात त्याने एक गाडी परत पाठवली. मागचा डावा दिवा लागत नव्हता आणि मालक म्हणत होता, दिवसाचा तर प्रवास आहे. टीम दीड तास उशिरा निघाली, दुसऱ्या गाडीने.